थांबा म्हणायला लागणारा वेळ

माझी बायको फुमिए गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुळ्याच्या चकत्या वाळत घालत होतो. हॉस्पिटलमधल्या बाईंनी वेळ सांगितली, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. मी आभार मानले आणि उरलेल्या चकत्या घालून टाकल्या. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

त्याआधी चार दिवस वृद्धाश्रमात दुपारच्या जेवणाला तिच्या श्वासनलिकेत सूप गेलं होतं. तिला पातळ काही गिळता येत नसे. प्रत्येक वाटीत दाट करायची पूड घालावी लागे. त्या दिवशी जेवणघराच्या प्रमुख कुवाबारा सान घाईत होत्या, पूड राहिली. नव्या मदतनीस ओइकावा सानच्या ते लक्षात आलं. त्या म्हणू लागल्या, "माफ करा, कामात मधेच बोलतेय, माझंच चुकत असेल, पण..." तोवर दोन चमचे गेले होते.

मी शेजारीच बसलो होतो. सूप पातळ आहे हे मलाही दिसलं होतं. एवढ्या राबणाऱ्या बाईला चार माणसांत कसं टोकायचं, म्हणून मी गप्प बसलो.

वृद्धाश्रमाच्या अहवालात पूड विसरल्याबद्दल कुवाबारांचं नाव आलं आणि पाहूनही वेळेवर न सांगितल्याबद्दल ओइकावांचं. माझं कुठेच नव्हतं.

दोन महिन्यांनी सगळ्यांचं मिळून प्रशिक्षण ठेवलं. ओइकावांना जेवणघरात ठेवायचं की नाही, ते त्यावर ठरणार होतं. घरचा माणूस म्हणून मलाही बोलावलं. खरं सांगायचं ठरवूनच मी गेलो.

शिकवायला हामानो नावाच्या परिचारिका आल्या होत्या. नियम एकच. चूक दिसली की टेबलावर हात ठेवून 'थांबा' म्हणायचं. माफी नाही, कारण नाही. ज्याला थांबवलं त्याने फक्त 'बरं झालं सांगितलंस' म्हणायचं.

मग तोच प्रसंग करून बघायचा होता, पण भरवून घेणाऱ्या म्हाताऱ्याच्या खुर्चीत बसायला कोणी तयार होईना. मी बसलो.

कुवाबारांनी पातळ सूपचा चमचा उचलला. पहिल्या खेपेला ओइकावांनी माफी मागितली. दुसऱ्या खेपेलाही. स्वयंपाकी त्सुबोउची म्हणाला, "अगं, तुझी माफी संपेपर्यंत आजोबांचं जेवण उरकेल." मग मी कोण ते आठवून तो माफी मागायला वाकला आणि वाकलेलाच राहिला.

तिसऱ्या खेपेला चमचा माझ्या ओठांना लागला. मी तोंड उघडलं. ओइकावांचे ओठ हलले, माफीचाच शब्द होता. तो त्यांनी गिळला आणि टेबलावर हात आपटला.

"थांबा."

सूप माझ्या शर्टावर सांडलं. कुवाबारांनी चमचा खाली ठेवला. पाठीमागे कोणीतरी खुर्ची सरकवली.

"बरं झालं," त्या शेवटी म्हणाल्या, "सांगितलंस."

ओइकावा जेवणघरात राहतील, असं हामानोंनी तिथेच सांगितलं. मग त्यांनी मला विचारलं, घरच्यांना काही बोलायचं आहे का. सगळे माझ्याकडे पाहू लागले. ओइकावा सान शर्ट पुसायला फडकं घेऊन उभ्या होत्या.

"सूप चांगलं होतं," मी म्हणालो.

त्याला आता तीन आठवडे झाले. अहवालात पाहून गप्प राहिलेल्यांत अजून एकट्या ओइकावा सानचं नाव आहे. मीही पाहिलं होतं, हे मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही.