ताणावरचं कॉलेज

बसा भाऊ. नागपूरची गाडी बदनेऱ्याले कधी टायमावर आली? तोवर तुमाले किसनरावची गोष्ट सांगतो. हसाची नाई अन् रडाची बी नाई. पाय दुखाची हाय.

किसनराव म्हणजे आमच्या गावचा माळी. चारशे संत्र्याची झाडं, एक मोट अन् दोन गुडघे. दोन्ही गुडघे कामातून गेलेले. पोरगा एकच, ओमप्रकाश. पोट्टा अमरावतीले एडवर्ड कॉलेजात इंटर सायन्सच्या परीक्षेले बसला. पुढं फिजिक्स शिकाचं म्हणे. ते काय असते, हे किसनरावनं एकदाच विचारलं. पोट्टा म्हणे, "बाबा, उजेडात किती रंग हाय अन् ते कुठून येते, ते मोजाचं."

"मोज बापा," किसनराव म्हणे, "कोणी तं मोजलं पाह्यजे."

पण मोजाचं कुठं? अकोल्याचा मामा, उत्तमराव, कापसाच्या जिनात मुनीम. त्यानं बनारसचं फारम आणून ठेवलं. "भाऊजी, तिथं साऱ्या मुलखाचे हुशार पोट्टे येते. गावठी बेणं गावातच ठेवान तं गावठीच राहीन." नागपूरचं फारम पोट्ट्यानं सोता आणलं. दोन्ही फारमं फळीवर, हळदीच्या डब्याखाली. जून संपाच्या आत एक भराचं, एक चुलीत.

किसनरावच्या पोटात नागपूरच व्हतं. बनारसले गेला तं पोट्टा वर्षातून एकदा दिसन. नागपूर म्हणजे सणावाराले येऊन जाईन. बायकोले, पार्बताबाईले, दमा, त्याले गुडघे. थकला व्हता भाऊ तो. पण तोंडानं बोलला नाई. आपल्या गुडघ्यापायी पोराचं शिक्षण ठरवाचं का, हे त्याच्या मनाले पटे ना. म्हणे, "कलम लावाच्या आधी जमीन पाहा लागते. मी नागपूर पाहून येतो. चांगलं दिसलं तं नागपूर, नाई तं बनारस."

गेला मे महिन्यात. काहून म्हणान तं तवाच त्याले फुरसत. मृगाच्या बहारासाठी संत्र्याचं पाणी तोडा लागते. मोट बंद, झाडं पानं गाळते, पार वाळल्यावाणी दिसते. त्यालेच ताण म्हणते. ताण नाई तं फूल नाई. माळ्याले वर्षात बसाले भेटते ते तेवढंच.

टेसनावरून कॉलेजापर्यंत उन्हात पायी गेला. फाटक उघडं, मानूस नाई. लिंबाखाली चौकीदार झोपलेला. व्हरांड्यात पाचोळा, कबुतराची घाण. पाण्याचा माठ पालथा घातलेला. उजव्या हाताले शेवटची खोली, पोट्टा मंग म्हणे तेच फिजिक्सची, तिले हे एवढं कुलूप. काचेले डोळा लावून पाह्यलं तं टेबलावर चादरी, चादरीवर धूळ. चौकीदारानं एक डोळा उघडला अन् म्हणे, "सब गये, बाबा."

किसनराव पायरीवर बसला. वहाणा काढल्या, भाकर खाल्ली, अन् आला तसा परत.

घरी आला अन् खाटेवर टेकला. "मेलेली जागा हाय," म्हणे. "बनारसचं भर."

पार्बताबाई चुलीपुढं व्हती. तिनं वर पाह्यलं नाई. फुकणी तशीच हातात धरून बसली.

"काय काय पाह्यलं, बाबा?" पोट्ट्यानं विचारलं.

त्यानं सारं सांगतलं. कुलूप, माठ, कबुतरं. पोट्टा दारातून बगीच्याकडं पाहत राह्यला. मंग म्हणे, "परतवाड्याचा शालिकराम बेपारी आठवते?"

"त्याचं काय?"

"मे महिन्यात आला, पानं चुरगाळली, बगीचा मेला म्हणे अन् निघून गेला. तुमी वर्षभर साऱ्या गावाले सांगत फिरले, ज्याले ताण समजत नाई त्यानं बगीच्यात पाय ठेवू नये."

"मंग?"

"कॉलेजले उन्हाळ्याची सुटी हाय, बाबा. तुमी ताणावर पाहून आले."

पहिले पार्बताबाई हसली. हसता हसता तिले खोकला लागला. मंग किसनराव हसला, पण बसल्या जागीच, थकल्यावाणी.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोट्टा नागपूरचं फारम भराले बसला. किसनराव बाजूले गुडघ्याले तेल चोळत व्हता. चोळता चोळता विचारलं, "ओम्या, तुले खरंच नागपूर पाह्यजे, का आमाले पाहून म्हणून राह्यला?"

पोट्ट्यानं मान वर केली नाई. म्हणे, "शाई वाळू द्या, बाबा."

आता हे काई उत्तर झालं का? जुलैत पोट्टा गेला. पत्रं येते. बरा हाय म्हणते, जेवण बरं हाय म्हणते. किसनराव ती पत्रं माझ्याकडून वाचून घेते. मले बी जोडून जोडूनच वाचता येते, पण त्याले जे पाह्यजे ते त्यात नसते, एवढं समजते. इकडं बगीचा फुलानं भरला, सोडून जाता येत नाई. अन् जाता आलं असतं तरी ते गुडघे आता तेवढे चालत नाई.

सिंगल पडला पाहा. उठा. एक काम करजा भाऊ. त्या कॉलेजात जाजा. उजव्या हाताले शेवटची खोली. कुलूप निघालं का ते पाहाजा. पोट्टा आत असन तं हाक देऊ नका. काचेतून नुसतं त्याचं तोंड पाहाजा, रमला हाय का कसा. अन् परत येतानी इथं उतरून किसनरावले जे दिसलं तेच सांगजा, त्याले बरं वाटावं म्हणून काई बदलवू नका.