मधमाश्यांसाठी सोडलेला समुद्र

माझं वय पंधरा आणि मी अजून समुद्र पाहिलेला नाही. आमच्याकडे उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे दिंडोरी, योगेशमामाची द्राक्षबाग आणि ‘यंदा छाटणी कशी झाली’ यावर तीन दिवस चर्चा. आम्ही नाशिक रोडला राहतो, म्हणजे प्रवास अख्खा तासभराचा. डबा न्यायचाच असतो तरीही.

यंदा मात्र बाबांनी गाडी घेतली (सेकंडहँड, पण हा शब्द घरात उच्चारायचा नाही) आणि दिवेआगरला खोली बुक केली. रस्ता आठ तासांचा, आणि संध्याकाळी सातच्या आत पोचायचं, नाहीतर खोली दुसऱ्याला. समुद्र एकीकडे आणि दिंडोरी बरोब्बर उलटीकडे, म्हणून आम्ही आधी दिंडोरीला गेलो. कारण नवी गाडी पहिल्यांदा माहेरी दाखवायची असते. हा नियम आईचा, त्यामुळे त्यावर अपील नाही.

शुभांगीमामीने गाडीचं साग्रसंगीत औक्षण केलं. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, आरशाला झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. पावणेदहाला बाबा "चला, निघू" म्हणाले आणि बागेकडून घूं घूं करत एक काळा ढग आला. दोन गिरक्या मारून तो ड्रायव्हरच्या दारावर बसला. हँडल, आरसा, झेंडू, सगळं गडप. कोहळ्याएवढा, हलणारा गोळा. मधमाश्या.

आम्ही सगळे घरात पळालो. बाबा सर्वांत पुढे होते.

"दृष्ट लागली," मामी म्हणाली.

"दृष्ट बिष्ट काय नाय," मामा म्हणाला. "दहा मिनिटं द्या दाजी, ट्रॅक्टरला फवारणीचा ब्लोअर जोडतो."

द्राक्षवाल्यांचं हे एक बरं असतं. भुरी आली, फवारा. मिलीबग आला, फवारा. पाहुणे जास्त दिवस राहिले तर काय करतात, ते मी विचारलेलं नाही. मामा ट्रॅक्टरकडे गेला. म्हणजे दहा मिनिटांत माश्या खाली आणि संध्याकाळी समुद्र. मी गप्प बसले. मी, गप्प.

तेवढ्यात ओमने, माझ्या धाकट्या भावाने, घसा साफ केला. "मित्रहो, मधमाशी मेली तर शेती मरेल, आणि तो फवारा आपल्याच हातात असेल."

जानेवारीत याच भाषणाला मला वक्तृत्व स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं होतं. तेव्हापासून घरात मी कोणाला वाक्य पुरं करू देत नाही. मी महिनाभर आरशासमोर सराव केला, त्यात ओमचं पाठांतर फुकटात झालं.

"तू गप रे."

"आता सांगा, तुम्ही थांबणार की नाही?" ओम म्हणाला. "इथे तू हात वर करायचीस, ताई."

बाहेर ट्रॅक्टर सुरू झाला. मी जाऊन त्याच्यासमोर उभी राहिले. हात आपोआप वर गेला होता.

"मामा, थांब. त्या चावायला आलेल्या नाहीत, नवं घर शोधतायत. काही जणी जागा बघायला गेल्यात. त्या परतल्या की सगळ्या उठून जातील."

"कधी?"

हा मुद्दा भाषणात नव्हता. "आज," मी म्हणाले. "किंवा उद्या."

"आणि समुद्र?" बाबांनी खिडकीतून विचारलं.

"समुद्र कुठे पळून चाललाय?" मी म्हणाले. गेली नऊ वर्षं बाबा मला हेच ऐकवत आलेत.

मामाने ट्रॅक्टर बंद केला. "लय शिकवलंय दाजी हिला."

मग आम्ही थांबलो. बारा वाजले, आमरस झाला, दोन वाजले. मी खिडकीत बसून माश्यांशी मनातल्या मनात जे बोलत होते, त्याला कोणत्याही स्पर्धेत बक्षीस मिळालं नसतं. साडेतीनला गोळा सुटला, माश्या ढगासारख्या वर उठल्या आणि पश्चिमेला निघून गेल्या. समुद्राच्या दिशेने.

बाबांनी खोलीवाल्याला फोन करून एक रात्र उशिरा येण्याबद्दल विचारलं. तो म्हणाला, सातपर्यंत आला नाहीत तर देऊन टाकणार. मधमाश्या हे कारण मात्र त्याने पहिल्यांदाच ऐकलं होतं.

संध्याकाळी मामा म्हणाला, "चल हर्षाली, बागेत. छाटणीनंतरची फूट दाखवतो." ती मी नऊ वेळा पाहिली आहे. तरी गेले.

"पुढच्या वर्षी," मागून येत ओम म्हणाला, "भाषणाला डास घे."