निर्जळी दुपार

भाद्रपदाचं ऊन. धुतलेलं, धारदार, सोनसळी ऊन. तापीच्या काठाला केळीची रुंदपर्णी, हिरवीगर्द रानं, आणि रानांपलीकडे काळ्याभोर मातीवर आखलेली उड्डाणशाळेची धावपट्टी. त्या धावपट्टीवरून क्षिप्रा भिरूड आकाशात जाई. वैमानिकाचा परवाना आता हाताशी आला होता.

मग हरितालिकेची ती दुपार आली. शुभ्रपंखी विमानाच्या कडेला, भर उन्हात, आपला क्रम येण्याची वाट पाहत उभी असलेली क्षिप्रा कोसळली. डोळे फिरले, हातांना झटके आले. क्षणभरच. पण तालुक्याच्या डॉक्टरांनी फिटचा संशय लिहिला, आणि फिट येणाऱ्याच्या हाती कुणी विमान देत नाही.

निळं आकाश, नितळ आकाश, निष्ठुर आकाश. अंगणातल्या बाजेवरून ती ते पाहत राही. जेवण जाईना, झोप येईना.

"पुण्याला दाखवू," आई म्हणाली. "एका डॉक्टरचं बोलणं म्हणजे काय ब्रह्मवाक्य?"

पुण्याच्या डॉ. मालती ढवळे मेंदूविकारांच्या जाणत्या, रुपेरी केसांच्या, मंदस्वरा. त्यांनी आधीचे कागद बाजूला सारले. "हे नंतर. त्या दिवशी सकाळी काय खाल्लं होतंस?"

क्षिप्रानं नजर वळवली. पहिल्या डॉक्टरांपुढे, आई सोबत नसतानाही, तिनं हे सांगायचं टाळलं होतं. खरं सांगितलं तर बोल आईवर येणार, आणि ते तिला सोसवत नव्हतं.

आईच्या हिरव्या बांगड्या हलल्या. "पाण्याचा थेंबही घेतला नव्हता तिनं. निर्जळी उपास होता. मीच धरायला लावला, चांगलं स्थळ मिळावं म्हणून."

"मग हे आधी सांगायचं नाही का, वेडे?" डॉक्टर हसल्या. "तहानलेलं शरीर उन्हात तिष्ठलं की असं कोसळतं. झटकेही येतात. पण माझ्याही शब्दावर जाऊ नका, तपासण्या पुन्हा करू."

तपासण्या झाल्या. मेंदूचा आलेख निर्दोष निघाला, हृदयाचाही. "मी सविस्तर लिहून देते," डॉक्टर म्हणाल्या. "निर्णय परवाना देणाऱ्यांचा. मला मात्र तुझ्यात आजार दिसत नाही."

बाहेर पुन्हा तेच ऊन, पण आता मवाळ, मायाळू. पायरीवर बसून आईनं तांब्याच्या बाटलीचं झाकण उघडलं.

"वाळूच्या महादेवापुढे मी स्थळ नव्हतं मागितलं गं," क्षिप्रा हळूच म्हणाली.

"ठाऊक आहे. परवाना मागितलास. शेजारीच तर बसले होते मी." आईनं बाटली पुढे केली. "पुढच्या हरितालिकेला तुझ्या वाटचा उपास माझा. तू पाणी पिऊन जा."

क्षिप्रानं मान मागे टाकली. कंठातून पाणी उतरत होतं, थंडगार, घोट घोट. आणि उघड्या डोळ्यांतून उतरत होतं आकाश, निळंशार, घोट घोट.