दातावर दात

हसू नका, मित्रांनो. मी एक जुनी कवळी आहे. वरचे चौदा, खालचे चौदा, गुलाबी हिरड्या आणि वय वर्षे एकवीस. फिलिपिन्समधल्या सारियाया गावातल्या पानिंगआजीच्या तोंडात मी राहते, आणि ती झोपली की काचेच्या ग्लासात. इतरांच्या आत्मकथेत पहिला दात कधी आला त्याचं कौतुक असतं. मी जन्मले तीच सगळे दात घेऊन.

मला पानिंगआजीच्या नवऱ्यानं घडवलं. त्याचं नाव सांतिंग. गावात कवळ्या करणारा तो एकटाच. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं टेबल होतं. त्यावर मेण, प्लॅस्टर, छोटा स्टोव्ह, बारीक कानशी, आणि डब्यांमधून रंगाप्रमाणे लावून ठेवलेले सुटे दात. निम्मं गाव त्याच्या दातांनी जेवायचं. निवडणुकीच्या सभेत पुढारी एकमेकांवर दातओठ खायचे, तेव्हा सांतिंग मागच्या रांगेत बसून खूश व्हायचा. दोन्ही पक्षांचे दात त्याचेच असायचे.

इतरांची कवळी तो चार दिवसांत करायचा. बायकोच्या कवळीला त्याला नऊ दिवस लागले. आधी त्यानं माझे दात मेणात अगदी एका ओळीत लावले, तिच्या तोंडात बसवले आणि म्हणाला, “हस बघू.” ती हसली. तो बराच वेळ बघत राहिला आणि त्यानं मला काढून मेण पुन्हा गरम केलं. पानिंगच्या मूळच्या दातांत, वरच्या ओळीत डावीकडे, एक दात शेजारच्या दातावर चढून बसलेला होता. सांतिंगनं माझाही तो दात तसाच चढवला.

“फुकटचे मिळतायत, तर निदान सरळ तरी लाव की,” पानिंग म्हणाली.

“लावले होते ना. तू हसलीस, तर घरात दुसरीच कोणी बाई शिरल्यासारखं वाटलं. मला तिच्यासमोर जेवायला बसायचा धीर होईना.”

ती इतकी हसली की मी पहिल्याच दिवशी खाली पडता पडता वाचले. असा माझा जन्म झाला, मित्रांनो.

पुढची बारा वर्षं मी राबले. आजी तेव्हा बाजारात सुकी मासळी विकायची. तिच्या आवाजापुढे चर्चच्या घंटेची काय मिजास! तो आवाज माझ्यामधून फुटून बाहेर पडायचा आणि मी अभिमानानं थरथरायचे. मी कणसं सोलली, आंब्याच्या कोयी चोखल्या, भाजलेल्या डुकराची कुरकुरीत कातडी कडाकडा फोडली. एकदाच माझी फजिती झाली. चर्चमध्ये प्रार्थना संपताना आजीला शिंक आली, आणि ‘आमेन’बरोबर मी पुढच्या बाकावरच्या बाईच्या अंबाड्यात जाऊन बसले. सांतिंगनं शांतपणे हात लांबवून मला उचललं, रुमालात गुंडाळलं आणि त्या बाईला म्हणाला, “माफ करा हं. ही जरा चावरी आहे.”

नऊ वर्षांपूर्वी सांतिंग गेला. त्याला पुरून परत आल्यावर आजीनं मला इतकं घट्ट दाबून धरलं की माझ्या हिरडीला बारीकशी चीर गेली. ती चीर अजून आहे. त्यानंतर मी बिघडले तर नीट करणारं कोणी उरलं नाही. आजीच्या हिरड्या झिजल्या, मी सैल झाले, बोलताना टकटक वाजू लागले. तरी तिनं मला सोडलं नाही.

आता तिच्या मुलांचं सांगते. थोरली मारिलू चोवीस वर्षांपूर्वी, माझ्या जन्माच्याही आधी, कॅनडाला गेली. तिथे ती वृद्धाश्रमात काम करते. मधला नेस्तोर मनिलात, एकोणिसाव्या मजल्यावर राहतो. धाकटा बोयेत बायको तेससह आजीच्या शेजारच्याच घरात. मारिलू मधे दोनदा येऊन गेली, पण बापाच्या अखेरीला कागदपत्रं अडल्यामुळे येऊ शकली नाही. आजीकडे साधा बटणांचा फोन, त्यामुळे लेकीचा आवाज तेवढा यायचा.

अखेर आजीच्या ऐंशीव्या वाढदिवसाला, तब्बल अकरा वर्षांनी, मारिलू आली. मनिलाच्या विमानतळावर तिला आणायला एका व्हॅनमधून आम्ही चौदा जण गेलो. मारिलू काचेच्या दारातून हात पसरून, तोंडभर हसत आली. आजी मात्र तिच्या खांद्यावरून मागेच बघत राहिली.

“नानाय! अहो, मी मारिलू!” तिनं आईला हाक दिली, तेव्हा कुठे आजीनं तिला मिठी मारली. मारिलूचा चेहरा उतरला. परतीच्या वाटेवर ती भावाच्या कानात हळूच म्हणाली, “असंच सुरू होतं, नेस्तोर. आधी चेहरे विसरतात. मी रोज बघते.”

वाढदिवस झोकात झाला. फाटकावर आजीचा फोटो असलेला हा मोठा फ्लेक्स, अंगणात अख्खं भाजलेलं डुक्कर, लांब आयुष्यासाठी लांब शेवयांचं पान्सित. नातवंडांनी रांगेनं येऊन आशीर्वादासाठी आजीचा हात कपाळाला लावला. मग सगळ्यांचा एकत्र फोटो काढायचं ठरलं. आजी मधोमध बसली आणि मला अभिमानानं दाखवत हसली.

“नानाय, जरा तोंड मिटून हसा,” मारिलू सगळ्यांसमोर म्हणाली. “तो चढलेला दात फोटोत बरा दिसत नाही. जाण्याआधी तुम्हाला छान सरळ दातांची नवी कवळी करून देते. ही टाकून द्या आता.”

आजीनं तोंड मिटलं. माझ्यावर अंधार झाला. फोटो निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला ग्लासातून काढलंच नाही. ती खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत जाऊन बसली आणि तोंडातून शब्द काढेना. तेसनं पेज दिली ती तिनं खाल्ली. भाजलेल्या डुकराकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

मित्रांनो, ह्याला तुम्ही रुसवा म्हणता आणि आमच्याकडे म्हणतात ताम्पो. त्याचा नियम कडक असतो. रुसलेल्यानं कारण सांगायचं नाही. ते समोरच्यानं शोधून काढायचं, आणि मग लाडीगोडी लावायची. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही हे कळतं. पण मारिलूनं आईचा रुसवा ओळखण्याऐवजी तिचा आजार ओळखला.

“बोलणं बंद, दात लावायचे विसरते, विमानतळावर मला ओळखलं नाही,” ती बोटं मोजत भावांना म्हणाली. “मी शेकडो म्हाताऱ्या बघितल्यात. डोकं जातंय तिचं. रविवारी माझं विमान आहे. शनिवारीच तिला नेस्तोरकडे हलवू. मनिलात डॉक्टर आहेत. हे घर बंद करा.”

“पण आते, कोंबड्यांचं काय?” बोयेतनं थोरल्या बहिणीला विचारलं.

“कोंबड्या महत्त्वाच्या की आई?”

हे सगळं आजीच्या देखत चाललं होतं, कारण डोकं गेलेल्या माणसाला कान असतात हे कोणाच्या ध्यानात येत नाही. मी फडताळावरच्या ग्लासातून जीव मुठीत धरून बघत होते. तिनं उठून मला तोंडात घातलं असतं आणि एकच वाक्य बोलली असती, तर घर वाचलं असतं. पण ती उठली नाही. तिचे झगे, तिची जपमाळ, सांतिंगचा फोटो, सगळं तिच्या डोळ्यांदेखत पेटीत भरलं गेलं. ती भारी मानी आहे हो. मला तिचा राग आला, आणि राग यायला नको होता असंही वाटलं.

शुक्रवारी दुपारी आजीची धाकटी बहीण इसिंग आली. उरलेल्या डुकराचं आंबट कालवण झालं असेल तर आपला वाटा न्यायला तिनं डबा आणला होता. दारातली भरलेली पेटी बघून ती थबकली. मारिलूनं तिला हळू आवाजात सगळं समजावलं.

“विसरायला लागलीय? कोण, ही?” इसिंग ओरडली. “चाळीस वर्षांपूर्वी मी नेलेली कढई अजून मागते ती माझ्याकडे! गाढवांनो, रुसलीय ती! चार दिवस झाले आणि एकाच्याही लक्षात आलं नाही? बोला, कोण काय बोललं तिला?”

सगळे एकमेकांकडे बघू लागले, आणि मग एकेकाचं मन त्याला खायला लागलं.

“मी तिची तांबडी कोंबडी कापली,” बोयेत खाली मान घालून म्हणाला. “पाहुणे जास्त आले होते. तिला सांगितलं, मुंगसानं नेली.”

आजीनं तोंड आणखी खिडकीकडे फिरवलं. हे तिला नवीनच होतं.

“मी भाषणात तिचं वय ब्याऐंशी सांगितलं,” नेस्तोर म्हणाला.

“सासूबाईंनी केलेल्या पान्सितमध्ये मी मागाहून मीठ घातलं,” तेसनं कबूल केलं. “आणि सगळ्यांनी चव छान आहे म्हटल्यावर हळूच सांगितलंही.”

“अरे देवा,” इसिंग म्हणाली. “नशीब समजा, नुसती रुसलीय. मी असते तर लाटणं घेतलं असतं.”

मारिलू फडताळाजवळ आली. सवयीनं तिनं ग्लास उचलला, मला बाहेर काढलं आणि ब्रशनं घासू लागली. काय हात होता तिचा! परक्या म्हाताऱ्यांच्या किती कवळ्या तिनं अशा धुतल्या असतील. घासता घासता तिचा अंगठा माझ्या चढलेल्या दातावर थांबला.

“बोयेत, ताताय तर एवढे कसबी,” तिनं बापाची आठवण काढून विचारलं. “हा एकच दात असा वाकडा कसा राहिला?”

“राहिला नाही, आते. मुद्दाम तसा बसवलाय. नानायचा दातावर दात होता ना, तो गेल्यावर तातायना ती परकीच वाटायला लागली.” बोयेत पुढे म्हणाला, “तू नव्हतीस तेव्हा.”

मारिलूनं नळ बंद केला. मला ओंजळीत घेऊन ती आजीपुढे गुडघे टेकून बसली. आजीचा हात तिनं कपाळाला लावला आणि तो सोडेचना.

“नानाय, मी दातावरून बोलले. सगळ्यांसमोर. तातायनी केलेल्या दातावरून. चुकले मी.”

आजीनं तिच्याकडे बघितलं. मला उचललं, तोंडात घातलं, दोनदा टकटक वाजवून नीट बसवलं.

“तुझा कुठे गेला?” आजी म्हणाली.

“काय, नानाय?”

“दात! तुझाही दातावर दात होता. माझ्यासारखा. कुठे गेला तो?”

मारिलूचा हात आपोआप तोंडाशी गेला. “तार लावून सरळ करून घेतला. चार वर्षं झाली. तिकडे सगळ्यांचे सरळच असतात, नानाय.”

“विमानतळावर सरळ दातांची एक बाई हसत आली,” आजी म्हणाली. “मी तिच्या मागे माझी पोर शोधत होते.”

मारिलूनं आईच्या मांडीत डोकं खुपसलं आणि ती मोठ्यानं रडू लागली. मित्रांनो, मलाही रडू येत होतं, पण कवळीला ती सोय नाही. आजी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

“रडू नको. अशीही बरी दिसतेस,” थोड्या वेळानं ती म्हणाली. “जराशी घोड्यासारखी, पण बरी.”

मग आजी बोलायला लागली ती दिवस मावळेपर्यंत. अकरा वर्षांचं साचलेलं सगळं बाहेर आलं. नेस्तोरच्या अर्ध्या दिवसाच्या भेटी, चोरून घातलेलं मीठ, तांबड्या कोंबडीचा खून, आणि इसिंगची कढई. मुलं पुढ्यात बसून मान खाली घालून ऐकत होती आणि मधेच तोंड लपवून हसत होती. माझ्या खिळखिळ्या हिरड्या दुखायला लागल्या, पण मी हूं की चूं केलं नाही. शेवटी ती म्हणाली, “आणि मी कुठ्ठेही जाणार नाही. एकोणिसाव्या मजल्यावर कोंबड्या चढत नाहीत. काढा ते कपडे पेटीतून.”

बोयेतनं धावत जाऊन पेटी उघडली. रविवारी मारिलू एकटीच विमानात बसली.

ह्याला आता दोन वर्षं झाली. जाताना मारिलूनं मोठ्या पडद्याचा फोन ठेवला. रोज सकाळी तिचा चेहरा त्यात येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, “नानाय, दात दाखवा बघू!” आजी मला दाखवते. मग मारिलूला हायसं वाटतं आणि बाकीच्या गप्पा सुरू होतात.

मित्रांनो, मी जुनी झाले आहे. आणखी किती दिवस टिकेन, माहीत नाही. मला जपा असं मी म्हणणार नाही, मला जपणारी आहे. तुमच्या घरातलं एखादं म्हातारं माणूस अचानक गप्प झालं, तर लगेच त्याचं वय काढू नका. आपण काय बोललो ते आधी आठवून बघा, आणि जवळ जाऊन बसा. रुसवा परक्यावर कोणी धरत नाही.

परवाचीच गोष्ट. मारिलूनं नेहमीप्रमाणे दात दाखवायला सांगितलं आणि आजीनं आ केला. आत नुसत्या हिरड्या! पलीकडे मारिलूच्या तोंडचं पाणी पळालं. “काय झालं, नानाय? रविवारी फोन उशिरा केला म्हणून? तुम्हाला आधी न विचारता तेसला झगा पाठवला म्हणून? मीठ कमी खा म्हटलं, त्याचा राग आला का? बोला ना!” अर्धा तास ती एकेक चूक आठवून सांगत होती, आणि आजी खिडकीकडे तोंड करून, ओठ दाबून ऐकत होती.

आजी रुसलेली नव्हतीच. माझ्यात नारळाची वडी अडकली होती, म्हणून तिनं मला भिजत घातलं होतं. एवढं सांगायला काही दात लागत नाहीत. पण लेक सातासमुद्रापलीकडून मनवत होती, आणि आजीला ते आणखी थोडा वेळ ऐकायचं होतं.