तपासनिसाचा रकाना

"मास्तर, सही करा. गाडी भरून उभी आहे."

"उभी राहू दे की. तिचे काय पाय दुखणार आहेत?"

साहेबांनी कपाळाला हात लावला. ताणमास्तर म्हणजे कारखान्याचे तपासनीस. तीस वर्षं माल ताणून बघायचा, एवढंच काम. लोक सांगत, जन्मल्याबरोबर त्यांनी स्वतःची नाळ ताणून पाहिली आणि मगच रडले. तिथे कोणी हजर नव्हतं, पण खोटं तरी कशाला म्हणा?

आजचा माल होता रुग्णवाहिकेत ऑक्सिजनचा सिलिंडर आवळून धरायच्या पट्ट्यांचा. दिसायला रबर, पण वितळवून पुन्हा ओतता येणारं प्लास्टिक.

"माझ्यासमोर पास झाली ना पट्टी?"

"तुमच्या एसीत झाली. एसीत मीसुद्धा पास होतो. बाहेर या."

तापलेल्या पत्र्याखाली मास्तरांनी सकाळीच एका पट्टीला पाण्याची बादली टांगली होती. तेव्हा बादली गुडघ्याएवढ्या उंचीवर होती. आता जमिनीवर मांडी घालून बसली होती. मास्तरांनी बादली सोडली. पट्टी आखडली नाही, तशीच लोंबत राहिली.

"अगं बाई! आमच्या ह्यांच्या बनियनसारखी झाली की!" साच्यावरच्या मावशी म्हणाल्या. सगळे हसले. मास्तर हसले नाहीत.

"पुन्हा वितळते हा हिचा गुण, साहेब. तापली की सैल पडते, हा त्या गुणाचा सख्खा भाऊ. बंद गाडी उन्हात तापली, सिलिंडर सुटला, तर शेजारी पेशंट झोपलेला असतो."

"सगळे खोलीतच तपासतात!"

"मग खोलीतच वापरा म्हणावं."

"सही नाही, तर उद्यापासून फाटकावर बसायचं!"

"बसतो."

साहेबांचं गणित चुकलं ते इथे. तपासनिसाच्या सहीशिवाय माल फाटकाबाहेर सोडायचा नाही, हा नियम त्यांचाच.

दुसऱ्या दिवशी गाडी फाटकाशी आली. मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून स्टुलावर बसले होते. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला.

"वर साहेबांची सही आहे की, काका," ड्रायव्हर म्हणाला.

"खालचा रकाना कोरा आहे."

"तिथे तुम्हीच करायची ना?"

"मी आता फाटकावर असतो."

ऑफिसच्या खिडकीतून साहेब हातवारे करत ओरडत होते. मास्तरांनी उठून फाटकाला कडी घातली. ड्रायव्हरने खिडकीकडे पाहिलं, कडीकडे पाहिलं, इंजिन बंद केलं आणि खाली उतरला.

मास्तर स्टुलावर थोडे सरकले. दोघांपुरती जागा झाली.