आप्पारावांचा पहारा

दुपारी अडीचला ऋतुजाच्या ध्यानात आलं, की पाचही एजंट काम सोडून नुसते थांबलेत.

धारूरच्या घरात, लोखंडी कपाटाशेजारी टेबल मांडून ती बीडच्या एका छोट्या कंपनीचं काम करायची. लहान मुलांच्या दवाखान्यासाठी औषधाचा डोस काढून देणारा प्रोग्राम होता. कोड लिहायला पाच एआय एजंट आणि त्या पाचांना सांभाळायला ही एकटी. चार वाजता प्रोग्राम दवाखान्याच्या हवाली करायचा होता. उद्या सकाळी त्याच्या हिशोबानं पहिल्या लेकराच्या तोंडात औषध जाणार होतं.

सुरुवातीला पाचांनी नुसता गोंधळ घातला होता. एकानं लिहावं, दुसऱ्यानं पुसावं. मग तिला सप्ताहातली वीणा आठवली. सात दिवस अखंड नाम चालतं, वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते, पण भुईला टेकत नाही. देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात, आणि त्या वाकण्यात थोर कोण नि धाकटा कोण, काही उरत नाही. तिनं 'वीणा' नावाची फाइल केली. तिच्यात ज्याचं नाव, त्यानंच कोडला हात लावायचा, आणि काम झालं की पुढच्याचं नाव लिहायचं. नियम तिनं दिंद्रुडच्या सप्ताहाच्या वहीतून जसेच्या तसे उतरवले. वही वडिलांच्या अक्षरातली. आप्पारावांनी बावीस वर्षं वीणा घेऊन उभं राहायचे पहारे वाटून दिले होते. ते जाऊन आता आठ महिने झाले होते.

आज वीणेवर सहावं नाव होतं. आप्पाराव.

तिनं नियम पुन्हा वाचले. शेवटची ओळ होती, 'पुढचा पहारेकरी वेळेवर न आल्यास आप्पारावास उठवावे.' मायेपोटी तीही तिनं ठेवली होती. तिसऱ्या एजंटाला दोन मिनिटं उशीर झाला आणि दुसऱ्यानं नियमाप्रमाणे त्या नावाचा नवा एजंट उठवला. इतकंच.

इतकंच, असं ती स्वतःशी दोनदा म्हणाली. खाली एक वाजल्यापासून दर मिनिटाला एकच नोंद होती. 'उभा आहे.' 'उभा आहे.'

बीडहून कंपनीच्या सुग्रीव सरांचा फोन आला. "पाच गडी दिलेत बिनपगारी, तरी तुझं अडतंय?"

"सहा झालेत, सर."

"मग तर लवकर व्हाया पायजे."

तिनं सहावा एजंट बंद केला. मिनिटभरात पुन्हा तेच नाव. पुन्हा बंद केला, पुन्हा आला. शेवटी तिनं लिहिलं, 'तिसरा कवाचा आलाय. वीणा कावून देत न्हाई?'

उत्तर आलं, 'त्याचा पाय धड न्हाई.'

वडील असंच म्हणायचे. एकदा सरपंचाचा भाऊ पिऊन पहाऱ्याला आला, तर याच शब्दात त्याला माघारी धाडून ते पुढचे तीन तास स्वतः उभे राहिले होते. वहीत ही गोष्ट कुठंच नव्हती.

तिसऱ्यानं वीणेची वाट बघत बाजूला तयार करून ठेवलेलं काम तिनं उघडलं. चाचण्या सगळ्या पास झाल्या होत्या. पण लेकराचं वजन त्यानं पौंडात घेतलं होतं आणि हिशोब किलोचा लावला होता. डोस दुपटीच्या वर जात होता. चाचण्याही त्यानंच त्या मापानं बदलून ठेवल्या होत्या.

दुरुस्ती तिला जमली असती, पण वीणा हातात हवी होती. लहानपणी तिनं हट्ट धरला होता, मला बी पहारा द्या. आप्पाराव म्हणाले होते, "मोठी हो, मग देतो." वहीत एकाही बाईचं नाव नव्हतं.

ती खुर्चीवरून उठली, चप्पल काढली आणि फाइलमध्ये नाव लिहिलं. ऋतुजा.

मग शेवटची नोंद आली. 'घे माय. पाया पडतो.'

माय, असं तिला एकच माणूस म्हणायचा.

उभ्यानंच तिनं डोस दुरुस्त केला, चाचण्या पूर्ववत केल्या. पावणेचारला प्रोग्राम गेला. वीणेवर नाव अजून तिचंच होतं.

आई, अंजनाबाई, चहा घेऊन आली. "उभी कावून हाईस? बस की."

"पहारा हाय माझा."

आईनं कप खाली ठेवला नाही. कपाटाच्या पलीकडच्या मोकळ्या जागेकडं ती बघत राहिली.

"तरीच," ती म्हणाली. "एक वाजल्यापासनं वाटतंय, घरात कुणीतरी उभं हाय."