गुरुवारचा कोरा बर्फ

दातांचा दवाखाना गुरुवारी बंद असायचा, आणि आठवड्यातला तेवढाच एक दिवस तोमोएच्या हक्काचा होता. बाकीचे दिवस ती ताकासाकी शहरातल्या त्या दवाखान्यात दाराजवळच्या टेबलाशी बसून लोकांच्या दाढदुखीच्या कहाण्या ऐकायची. वय एकेचाळीस, लग्नाच्या भानगडीत पडलेली नाही, दागिन्यांची हौस नाही. शौक एकच, स्नोबोर्ड: दोन्ही पाय एकाच फळीला बांधून बर्फावरून घसरायचं. पण यंदा अर्धा जानेवारी सरला तरी डोंगरावर धड बर्फ नव्हता. सलग तीन गुरुवार ती काचेसारख्या कडक उतारावर आपटून कंबर शेकत घरी आली होती. आणि आता बुधवारी संध्याकाळी बातमी आली, रात्रीतून साठ सेंटिमीटर पडणार.

ती जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बोर्डाला मेण लावत होती, तेवढ्यात आईचा फोन आला.

"उद्या जातेयस ना? बाबांना घेऊन जा."

"आई, उद्या नको गं. महिनाभर वाट बघितलीय मी या बर्फाची."

"बर्फ कुठे पळून जातोय? इथे माझ्या डोक्यावर मिरे वाटतायत. आज मला तांदूळ कसे धुवायचे ते शिकवत होते. पंचेचाळीस वर्षं मी काय माती धुतेय?"

तोमोएने हात टेकले.

तिचे वडील, शिगेहारु ओगिवारा, अडतीस वर्षं गाडी शिकवायच्या शाळेत शिक्षक होते. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण शिकवणं काही सुटलं नव्हतं. तरुणपणी ते स्की करायचे, आणि स्नोबोर्डवाले म्हणजे रस्त्यात बसून राहणारी बेशिस्त मंडळी, असं त्यांचं ठाम मत. मग डिसेंबरात टीव्हीवर कुणा डॉक्टरने सांगितलं की सत्तरीनंतर नवीन काही शिकलं की मेंदू गंजत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्नोबोर्डचं पुस्तक विकत आणलं, लाल पेन्सिलीने रेघा मारत ते दोनदा वाचलं आणि आपण शिकणार असल्याचं घरात जाहीर केलं. कुणी आनंद व्यक्त केला नाही.

सकाळी सहाला तोमोएने त्यांना घरून उचललं. गाडी गल्लीबाहेर पडायच्या आत सुरुवात झाली.

"मागचा आरसा."

"बघितला, बाबा."

"नजर गेली असेल. मान हलली नाही. परीक्षेत मान हललेली दिसावी लागते."

"मला लायसन्स मिळून बावीस वर्षं झाली."

"त्याचंच तर मला नवल वाटतं."

डोंगराशी पोचले तेव्हा देवदारांच्या फांद्या बर्फाने वाकल्या होत्या आणि वरून अजून भुरभुर चालूच होती. दुसऱ्या लिफ्टच्या बाजूला, यंत्राने सपाट न केलेला एक मोठा उतार होता. त्यावर अजून एकही रेघ उमटलेली नव्हती. लिफ्ट सुरू व्हायला वीस मिनिटं होती.

तिच्या वडिलांना बोर्ड भाड्याने घ्यायला चाळीस मिनिटं लागली. त्यांनी प्रत्येक स्क्रू स्वतः हलवून बघितला आणि एक ढिला निघाल्यावर दुकानदाराला त्यावर छोटंसं व्याख्यान दिलं.

पहिल्या लिफ्टवरून उतरताना ते जे लोळले, ते थेट वाटेतच. लिफ्ट थांबवावी लागली. मागच्या खुर्च्यांवर माणसं हवेत लोंबकळत राहिली.

"सांभाळून हं, आजोबा!" लिफ्टवरचा माणूस धावत आला.

"आजोबा कुणाला म्हणतोस?" पडल्या पडल्याच ते गुरकावले. "आणि बटण दोन सेकंद उशिरा दाबलंस तू. दोन सेकंदांत माणूस जातो."

तोमोए माफी मागत त्या माणसापुढे चारदा वाकली आणि वडिलांना बाजूला ओढून घेऊन गेली.

पुढे एका उंचवट्याखाली कॉलेजातल्या तीन मुली फोटो काढत बसल्या होत्या. शिगेहारु घसरत, धडपडत त्यांच्यापर्यंत गेले, उंचवट्याला धरून थांबले आणि म्हणाले, "इथे बसलात तर वरून येणाऱ्याला दिसता का तुम्ही? आंधळं वळण आहे हे. उठा." मुली माफी मागत उठल्या आणि खाली निघून गेल्या. शिगेहारुंनी समाधानाने मान डोलावली, हातभर मागे सरकले आणि नेमके त्याच जागी बसते झाले. मग उठता येईना.

"हात द्या," तोमोए म्हणाली.

"हात नको. गुडघे पोटाशी घ्यायचे, मग बोर्डाच्या टाचेकडच्या धारेवर वजन. पुस्तकात पान सव्वीस."

"पोट आड येतंय, बाबा. पालथे व्हा आणि बोटांकडच्या धारेवरून उठा. सोपं जातं."

"पान सव्वीसवर तसं काही नाही."

सात वेळा उठायचा प्रयत्न झाला, सातही वेळा ते परत बसले. तोमोए वरच्या बाजूला हात हलवत उभी राहिली, येणाऱ्याजाणाऱ्यांना वळसा घालायला लावत. साडेदहा वाजून गेले तरी त्यांचा एकही उतार पुरा झाला नव्हता. आणि तिकडे दुसऱ्या लिफ्टच्या बाजूने लोकांच्या आरोळ्या ऐकू येत होत्या. कोऱ्या उतारावर एक रेघ पडली, मग चार, मग मोजता येईनात. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बाबा, मी तुमच्याकडे चाळीस मिनिटं मागतेय! जन्मात कधी काही मागितलं नाही, चाळीस मिनिटं मागतेय!"

"मग जा की. मी काय बांधून ठेवलंय? फक्त वर गेल्यावर उजवीकडे..."

"काही सांगू नका! डावीकडे नको, उजवीकडे नको, काही नको! पंधरा वर्षं येतेय मी इथे. साडेअकराला खाली जेवायच्या ठिकाणी भेटा."

शिगेहारुंनी घड्याळ बघितलं. "साडेअकरा. ठीक आहे."

ती वर पोचली तेव्हा मधला आणि डावा भाग उकरून झाला होता. फक्त अगदी उजवीकडे, झाडांच्या कडेला एक पट्टा अजून गुळगुळीत होता. एरवी ती तिकडे जात नसे. आज तिने क्षणभरही विचार केला नाही.

अकरा वळणं मिळाली. गुडघ्यांवरून उडणारा बर्फ तोंडावर येत होता, बोर्ड जणू जमिनीला लागतच नव्हतं, आणि त्या अकरा वळणांपुरती ती बाबांना, दवाखान्याला, सगळ्या जगाला विसरली. बारावं वळण घ्यायला उतारच उरला नाही. जमीन सपाट झाली, वेग मेला, बोर्ड नाकासकट बर्फात बुडालं आणि ती कमरेपर्यंत रुतून एका ओढ्याच्या काठी उभी राहिली.

स्कीवाल्यांकडे काठ्या असतात, ते ढकलत तरी जातात. स्नोबोर्डवाल्याला सपाटीवर कुणी वाली नाही. तिने पट्टे सोडले, तर पाय मांडीपर्यंत आत गेला. बोर्ड पुढे टाकायचं, त्यावर पोट टेकायचं, हातभर सरकायचं, परत बोर्ड उपसून पुढे टाकायचं, असं सुरू झालं. खाली कुठेतरी पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता, त्यामुळे ओढ्याच्या बाजूला सरकायची सोय नव्हती. फोन काढला तर थंडीने बंद पडलेला. हातमोजे भिजले, घाम आला, त्या घामाने गारठा भरला. कुणावर तरी जोरात ओरडावं असं तिला वाटत होतं आणि ओरडण्यासारखं तिथे कुणीच नव्हतं. शेवटी ती एका झाडावर ओरडली. फांदीवरचा बर्फ तिच्या मानेत पडला.

तासाभराने ती रांगतच जंगलातल्या रस्त्याच्या वळणावर निघाली. तिथे लाल जॅकेट घातलेला बचाव पथकाचा माणूस बर्फावरच्या गाडीला टेकून थर्मासातला चहा पीत उभा होता.

"ओगिवारा तोमोए ताई का?"

तिने फक्त मान हलवली.

"तुमचे वडील बोर्ड काखेत घेऊन चालत खाली आले आणि म्हणाले, मुलगी रागात आहे, म्हणजे उजवीकडे जाणार, ओढ्याशी अडकणार आणि बाहेर पडली तर याच वळणावर पडणार. बारापर्यंत दिसली नाही तर आत शिरा, म्हणाले." त्याने मनगट वर केलं. "बाराला पाच कमी आहेत." मग त्याचा आवाज बदलला. "पण ताई, एकटीने त्या कडेला जायचं नाही. ओढ्यावरचा बर्फ आतून पोकळ असतो. मागच्या वर्षी एकाला तिथून दोरीने काढलंय आम्ही."

ती वाकली. परत वाकली. गाडीवर त्याच्या मागे बसून ती खाली जात असताना डोंगरभर कर्ण्यातून आवाज घुमला: "ताकासाकीहून आलेल्या, निळं जॅकेट घातलेल्या, एकेचाळीस वर्षांच्या ओगिवारा तोमोए, तुमचे वडील बचाव पथकाच्या खोलीत तुमची वाट बघत आहेत."

"वय सांगायची काय गरज होती?" ती किंचाळली.

"अर्जावर त्यांनीच लिहिलंय, ताई."

खोलीत शिगेहारु भिंतीवरच्या नकाशापुढे उभे होते आणि पथकातल्या एका बाईंना बाण कसे काढावेत ते समजावत होते. तोमोएला बघून त्यांनी आधी घड्याळ बघितलं, मग तिचे हात, मग पाय. सगळं जागच्या जागी आहे असं दिसल्यावर म्हणाले, "साडेअकरा ठरलं होतं. पस्तीस मिनिटं उशीर."

"तुम्हाला माहीत होतं, तर सांगितलं का नाही?"

"'उजवीकडे' म्हणालो. पुढचं ऐकायला थांबलीस का?"

तिचा राग अजूनच चढला. "पण तुम्हाला माहीत कसं?"

शिगेहारुंनी पथकाच्या बाईंकडे पाहिलं. बाई सभ्यपणे खिडकीबाहेर बघू लागल्या.

"लग्नाआधी तुझ्या आईशी भांडलो होतो एकदा," ते हळू आवाजात म्हणाले. "ती इथेच खाली उभी होती. मी तरातरा वर गेलो आणि उजवीकडून उतरलो. साडेतीन तास लागले बाहेर यायला. तिला सांगितलं, डोंगर बघत बसलो होतो. अजून तेच सांगितलेलं आहे. तू आईपुढे तोंड उघडू नकोस."

तोमोएला हसायचं नव्हतं. तिने ओठ घट्ट आवळून धरले.

जेवताना दोघांनी गरम कात्सु करी घेतली, तळलेल्या मांसाचे तुकडे आणि रस्साभात. त्यांनी स्वतःचे कोरडे हातमोजे टेबलावरून तिच्याकडे सरकवले आणि तिचे ओले उचलून खुशाल स्वतःच्या खिशात कोंबले. त्यावर भांडायचं त्राण तिच्यात नव्हतं.

"मला अजून एकदा वर जायचंय," ते म्हणाले.

गेले. वर पोचताच बसले. आणि बसल्यावर, बर्फाकडे बघत, कुणी ऐकत नाही ना याची खात्री करून म्हणाले, "ते पालथं होऊन कसं उठायचं म्हणत होतीस?"

तिने दाखवलं. ते पहिल्याच झटक्यात उठले आणि अपमान झाल्यासारखं तोंड करून उभे राहिले. मग तिने त्यांचे दोन्ही हात धरले आणि स्वतः उलटी, पाठ उताराकडे करून, त्यांना हळूहळू खाली आणू लागली. केवढा जड माणूस! तिची बोटं चेपली, मांड्या पेटल्या. "गुडघे वाकवा. वाकवा म्हणते ना! मला मिठी मारायची नाही, सरळ राहा!" अख्ख्या उतारावर ती ओरडत राहिली आणि ते निमूट ऐकत राहिले. खालच्या टप्प्यावर तिने हात सोडले. त्यांनी एक वळण घेतलं, दुसरं निम्मं घेतलं आणि नारिंगी जाळीत जाऊन अडकले. जाळी सोडवायला पाच मिनिटं लागली.

"पुढच्या गुरुवारी किती वाजता निघायचं?" जाळीतूनच त्यांनी विचारलं.

तोमोएने वर बघितलं. महिनाभर वाट बघितलेला उतार नांगरल्यासारखा झाला होता. मिळाली होती अकरा वळणं.

"पुढच्या गुरुवारी अकरापर्यंत मी एकटी वर जाणार," ती म्हणाली. "तोवर तुम्ही इथल्या स्नोबोर्डच्या शाळेत शिकवणी लावायची."

"शिकवणी? माझ्याहून लहान माणसाकडून?"

"तुमच्याहून मोठं इथे कुणी नाही, बाबा."

ते कुरकुरत शाळेच्या खिडकीकडे गेले. शिकवणाऱ्यांची परीक्षा कोण घेतं, किती वर्षांनी घेतं, असं ते आतल्या बाईंना विचारत असल्याचं तिला दुरूनच कळलं, कारण त्यांच्यामागे रांग वाढत चालली होती. एरवी ती धावत गेली असती, वाकली असती, माफी मागितली असती. आज ती सरळ गाडीत जाऊन बसली, हीटर लावला आणि बूट काढले.

पाव तासाने ते आले, हातात पावती.

"साडेनऊची जागा मिळाली. शिकवणारी पोरगी सव्वीस वर्षांची आहे."

"बरं."

"बघू तिला किती येतं ते."

तोमोएला त्या पोरीची मनापासून कीव आली. तिने गाडी सुरू केली.